जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय मतदारांसोबत काम करायचंय? नोंदणीच्या टेबलापासून काउंटीच्या बैठकीपर्यंत

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की टीव्हीवरच्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो: ‘ब्लॅक व्होटर यंदा बाहेर पडणार का?’ विचारणाऱ्याचा सूर असा, की मतदार घरी लोळत पडलाय आणि त्याला कुणीतरी हलवून जागं करायचंय. आपल्या मंडळांच्या जेवणावळीतही हाच सूर ऐकू येतो, वर ‘त्यांना त्यात रसच नाही हो’ अशी पुस्ती. आकडे वेगळं सांगतात. जनगणना खात्याच्या पाहणीनुसार २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ६६.६ टक्के पात्र कृष्णवर्णीयांनी मतदान केलं. बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचं प्रमाण ६४.१ टक्के होतं. २०२० मध्ये हेच आकडे ६२.६ आणि ७०.९ झाले. २०१२ ला ओबामा उमेदवार होते हे खरं, पण सगळं श्रेय त्यांना देऊन मोकळं होता येत नाही. मधल्या काळात कायदे बदलले, याद्या छाटल्या गेल्या, मतदानकेंद्रं हलवली गेली.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या त्या मराठी माणसांसाठी आहे ज्यांना या कामात हात लावायचा आहे, किंवा निदान ते नीट समजून घ्यायचं आहे. नियम प्रत्येक राज्यात वेगळे, म्हणून एकच राज्य धरलं आहे: जॉर्जिया. तिथल्या पात्र मतदारांत जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत, आणि अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत आपली वस्तीही बरीच. दुसऱ्या राज्यात असाल तर पद्धत हीच ठेवा, तारखा आणि नियम आपल्या राज्याचे घ्या. निवडणूक कायदे दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे इथलाही प्रत्येक नियम वापरण्याआधी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कार्यालयाकडून ताडून पाहा.

पायरी १: आधी स्वतःचं बघा

अमेरिकेचं नागरिकत्व नसेल तर मतदार म्हणून नोंदणी करायची नाही. चुकूनही नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर कारकून ‘मतदार नोंदणी करायची का?’ असं सवयीने विचारतो, आणि घाईत ‘हो’ म्हणून सही केलेल्या माणसाच्या ग्रीन कार्डावर किंवा पुढच्या नागरिकत्वाच्या अर्जावर गदा येऊ शकते. संघराज्याच्या निवडणुकीत परदेशी नागरिकाने मत देणं हा गुन्हा आहे.

विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला मात्र केंद्रीय निवडणूक कायदा आडवा येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर उमेदवाराला देणगीही देता येते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर उमेदवाराला किंवा पक्षाला पैसे द्यायचे नाहीत, आणि प्रचाराच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही. काही राज्यांनी मतदारांचे भरलेले अर्ज गोळा करण्याच्या कामावरही बंधनं घातली आहेत. ते आधी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही. मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्ट १९६५ ला सही झाली. ज्या इमिग्रेशन कायद्याने आपल्यासारख्यांना अमेरिकेचं दार उघडलं, त्यावर त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला. संसद तीच, वारंही तेच. तेव्हा हे काम ‘त्यांच्यासाठी’ करतोय असा आव आणू नका.

पायरी २: एवढा इतिहास तरी माहीत हवा

गृहयुद्धानंतर १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि वंशावरून मताधिकार नाकारण्यावर बंदी आली. त्याच वर्षी मिसिसिपीहून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. नंतरच्या पिढीने हे सगळं पद्धतशीर मोडून काढलं, आणि तेही ‘काळ्यांना मत नाही’ असं कुठेही न लिहिता. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर लावला आणि घटनेचं कलम वाचून त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा ठेवली. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणारा गोरा कारकून. लुइझियानाने १८९८ मध्ये ‘आजोबा कलम’ आणलं: तुमचे वडील किंवा आजोबा १८६७ पूर्वी मतदार असतील तर परीक्षा माफ. गुलामांचे आजोबा मतदार कुठून असणार? परिणाम आकड्यांत पाहा. त्या राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर या शेतमजूर बाई ३१ ऑगस्ट १९६२ ला सतरा जणांसोबत बसने इंडियानोला गावी नोंदणीला गेल्या. परीक्षेत नापास केल्या गेल्या. परतताना पोलिसांनी बस अडवून दंड केला, कारण काय तर बसचा रंग फार पिवळा. संध्याकाळी मळेवाल्याने सांगितलं, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं त्या मळ्यावर राबलेली बाई त्याच रात्री बाहेर पडली. पुढे १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी पाठवले, आणि मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. रस दोन-तीन वर्षांत असा उगवत नाही. तो होताच, अडसर काढला गेला.

त्या कायद्याचा कणा म्हणजे पूर्वमंजुरी. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागे. २०१३ मध्ये ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यं ठरवणारं सूत्रच रद्द केलं, आणि पूर्वमंजुरी कागदावर राहिली. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने नवा कायदा केला. २०१६ मध्ये तो रद्द करताना अपील न्यायालय म्हणालं, की त्यातल्या तरतुदी कृष्णवर्णीय मतदारांना ‘जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने’ लक्ष्य करतात.

हे सगळं दारावर जाऊन ऐकवायचं नाही. समोरच्या आजीला ते तुमच्याहून चांगलं ठाऊक आहे, कदाचित तिच्या आईने तो कर भरलेला असेल. हे तुमच्यासाठी आहे, म्हणजे ती अर्जावर सही करण्याआधी तीनदा प्रश्न विचारेल तेव्हा तुमच्या कपाळावर आठी पडणार नाही.

पायरी ३: मत न देणारे सगळे एका जातकुळीचे नसतात

भारतातून आलेल्याला एक फरक चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे बीएलओ घरी येऊन यादी तपासतो. इथे यादीत नाव घालणं, पत्ता बदलला की कळवणं, नाव अजून आहे का ते बघणं, बहुतेक सगळं मतदाराच्या गळ्यात. वर्षाला घरभाडं वाढतं म्हणून दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या कुटुंबाचा विचार करा.

तुमच्या भागात काम सुरू करण्यापूर्वी कोण कुठे अडलंय ते ओळखा. कधीच न नोंदलेला तरुण वेगळा. नाव होतं पण कटलं, तो वेगळा: जॉर्जियाने जुलै २०१७ मध्ये एका फटक्यात पाच लाखांहून जास्त नावं रद्द केली, त्यात बरीच केवळ अनेक वर्षं मतदान न केल्यामुळे यादीतून गळालेली. अध्यक्षाला मत देतो पण मधल्या निवडणुकीला जात नाही, तो तिसरा. आणि चौथा, ज्याच्याकडे फारसं कुणी जातच नाही: शिक्षा भोगून आलेला. जॉर्जियात फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) पूर्ण शिक्षा, प्रोबेशन आणि पॅरोलसह, संपली की मताधिकार परत मिळतो. वेगळा अर्ज नाही, माफीनामा नाही, फक्त नव्याने नोंदणी करायची. प्रोबेशनवर असलेल्यांचं प्रमाण या राज्यात देशात सर्वाधिक राहिलं आहे, आणि ‘एकदा जेलात गेलो म्हणजे मत कायमचं गेलं’ अशी समजूत पक्की. किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झालेला किंवा खटला चालू असताना तुरुंगात असलेला माणूस तर हक्क गमावतच नाही. पण इथे ‘बहुतेक चालेल’ म्हणून फॉर्म भरून घेऊ नका. प्रोबेशन संपल्याचा कागद पाहा किंवा अधिकाऱ्याला फोन करायला सांगा. फ्लोरिडात ऑगस्ट २०२२ मध्ये अशाच वीस जणांना बेकायदा मतदानाबद्दल अटक झाली. त्यातल्या अनेकांचं म्हणणं होतं, सरकारी कार्यालयानेच आमची नोंदणी स्वीकारली होती.

पाचवाही एक असतो: विचार करून मत न देणारा. ‘चाळीस वर्षं मत दिलं, आमच्या गल्लीतला दिवा तरी लागला का?’ त्याच्याबद्दल पुढे.

पायरी ४: स्वतःचं दुकान मांडू नका

नवीन संस्था, नवीन लोगो, नवीन टी-शर्ट यांची गरज नाही. काम करणारे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेची स्थानिक शाखा शोधा. चर्चमध्ये जा, विशेषतः ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) आणि बाप्टिस्ट मंडळ्यांत. रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांनी मिळून अर्ली व्होटिंगला, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच मत द्यायला, जायचं, या ‘सोल्स टू द पोल्स’च्या प्रथेची इतकी धास्ती, की फ्लोरिडाने २०११ च्या कायद्यात निवडणुकीआधीचा नेमका शेवटचा रविवार वगळला होता. कृष्णवर्णीय पदवीधरांच्या नऊ संघटना आहेत, ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात त्यांना. त्यातल्या बायकांच्या संघटनांपैकी अल्फा कप्पा अल्फा १९०८ ची, डेल्टा सिग्मा थीटा १९१३ ची. या बायकांचं नियोजन पाहिलं की आपल्या गणेशोत्सव समितीने शिकवणी लावावी असं वाटतं. शिवाय लटोशा ब्राऊन आणि क्लिफ ऑलब्राइट यांनी सुरू केलेली ‘ब्लॅक व्होटर्स मॅटर’ गावोगावच्या छोट्या गटांना बळ देते.

त्यांच्याकडे जाऊन पहिला प्रश्न एवढाच: ‘तुम्हाला कशाची कमतरता पडते?’ उत्तर बहुधा भाषण करणारा माणूस असं नसतं. गाडी चालवणारा, एक्सेलमध्ये याद्या सांभाळणारा, शनिवारी सकाळी टेबल उचलणारा, हे हवे असतात. आपल्यात आयटीवाले भरपूर. हे जमण्यासारखं आहे.

करमुक्त सेवाभावी संस्थेच्या नावाने काम करताना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. टेबलावर बिल्ला नको, टोपी नको, ‘कुणाला देऊ?’ या प्रश्नाला उत्तर नको. ही रेघ पुसट झाली की काय होतं याचं उदाहरण जॉर्जियातच आहे. लाखो नोंदण्यांचं श्रेय मिळालेल्या न्यू जॉर्जिया प्रोजेक्टने २०१८ च्या निवडणुकीतला प्रचारखर्च जाहीर न केल्याचं कबूल केलं आणि २०२५ मध्ये तिला तीन लाख डॉलर दंड झाला. चांगल्या कामाची हिशेबाने अशी माती झाली.

पायरी ५: नोंदणीचं टेबल

जागा निवडताना मॉल नको. तिथे लोक घाईत असतात. जिथे माणूस थांबतो तिथे बसा: केशकर्तनालय, लॉन्ड्रोमॅट, शनिवारी किराणा दुकानाचं दार, कम्युनिटी कॉलेजचं कँटीन. न्हाव्याच्या दुकानात मालकाची परवानगी मिळाली की निम्मं काम झालं, कारण पुढचं त्याचे ग्राहक त्याच्याशीच बोलतात. तुम्ही फक्त फॉर्म पुढे करायचा.

पहिला प्रश्न ‘रजिस्टर आहात का?’ असा नको. जवळपास प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो आणि निघून जातो. ‘तुमची नोंदणी चालू आहे का, एकदा बघू या का?’ असं विचारा. मग त्यांच्याच फोनवर राज्याचं ‘माय व्होटर पेज’ उघडायला सांगा. नावाचं पहिलं अक्षर, आडनाव, काउंटी आणि जन्मतारीख टाकली की स्थिती दिसते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल तर पत्ता ताजा आहे ना ते बघा. ‘इनॅक्टिव्ह’ असेल तर घाबरायचं कारण नाही, मत देता येतं, पण त्याच जागी नोंद ताजी करून घ्या. नावच नसेल तर नवा अर्ज. साडेसतरा वर्षं पूर्ण झालेल्यालाही नोंदणी करता येते. मतदानाच्या दिवशी अठरा हवेत.

अर्ज भरताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: नाव. ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. दोन आडनावांमधली छोटी रेघ, लग्नाआधीचं आडनाव, नावातलं अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह, काहीही गाळायचं नाही. २०१८ च्या निवडणुकीआधी ‘तंतोतंत जुळणी’च्या नियमामुळे जॉर्जियात सुमारे ५३,००० अर्ज अडकून पडले होते, आणि त्यात जवळपास ७० टक्के कृष्णवर्णीय. अपार्टमेंटचा क्रमांक विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. मग कार्ड टपालातून परत जातं आणि मतदाराच्या नोंदीवर शंका येते. लायसन्स नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे चालतात. शेवटी सही, ती राहून गेली तर बाकीचं सगळं फुकट.

गोळा केलेले अर्ज गाडीच्या डिकीत ठेवून विसरणं हा गुन्ह्याच्या जवळ जाणारा निष्काळजीपणा आहे. जॉर्जियात ते दहा दिवसांच्या आत पोचवावे लागतात, आणि मुदत तोंडावर असेल तर त्याहूनही लवकर. मी तर म्हणेन त्याच संध्याकाळी. नोंदणीची मुदत निवडणुकीआधीच्या पाचव्या सोमवारी संपते. आणि नोंदणीच्या बदल्यात पिझ्झा, गिफ्ट कार्ड, लॉटरी असलं काही देऊ नका. नोंदणीसाठी किंवा मतासाठी मोबदला देणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

कॉलेजांसाठी एक खास सूचना. अटलांटातली मोअरहाउस, स्पेलमन आणि क्लार्क अटलांटा ही नावाजलेली कृष्णवर्णीय विद्यापीठं खासगी आहेत, आणि जॉर्जियात मतदानकेंद्रावर फक्त सरकारी कॉलेजचं ओळखपत्र चालतं. म्हणजे ऑल्बनी स्टेटच्या मुलाचं कार्ड चालेल, मोअरहाउसच्या मुलाचं नाही. परराज्यातून आलेल्या या मुलांकडे जॉर्जियाचं लायसन्सही नसतं. पासपोर्ट चालतो, दुसऱ्या राज्याचं वैध लायसन्सही चालतं, आणि काहीच नसेल तर काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मोफत मतदार ओळखपत्र मिळतं. हे सप्टेंबरातच सांगा. (क्लार्क अटलांटा म्हणजे जिथे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी अनेक वर्षं शिकवलं त्या अटलांटा युनिव्हर्सिटीची वारसदार. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाबद्दल ज्यांना पत्र लिहिलं, ते हेच डू बॉइस. तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलताना मराठी माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे.)

पायरी ६: दारावरचं बोलणं

वयस्कर माणसाला पहिल्या नावाने हाक मारायची नाही. दक्षिणेत गोरे लोक कृष्णवर्णीय मोठ्या माणसांनाही मुद्दाम एकेरी पुकारत. १९६३ मध्ये अलाबामाच्या न्यायालयात वकिलाने नुसतं ‘मेरी’ म्हटलं म्हणून कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांनी उत्तर द्यायला नकार दिला. त्यांना पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड झाला, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. म्हणून ‘मॅम’, ‘सर’, ‘मिसेस’ आणि आडनाव. त्या स्वतःहून ‘मला मिस अमुक म्हण’ म्हणाल्या तर तसं. अहो-जाहोत वाढलेल्या आपल्याला हे जड जाऊ नये, पण अमेरिकेत दहा वर्षं काढली की सगळ्यांना ‘हाय’ करायची सवय लागते.

बोलण्याची सुरुवात निवडणुकीपासून करू नका. शिक्षिका आणि कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या जॉन्स आयलंडवर प्रौढांसाठी नागरिकत्वाची शाळा काढली. जागा किराणा दुकानामागची खोली, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. शिक्षिका बर्निस रॉबिन्सन व्यवसायाने ब्युटिशियन, मुद्दामच मास्तरीण नव्हेत. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? लोकांनी सांगितलं: आपलं नाव लिहायला, बायबल वाचायला, टपालाने सामान मागवायचा फॉर्म भरायला. शिकवणी तिथून सुरू झाली आणि मतदार नोंदणीच्या परीक्षेपर्यंत पोचली. ही पद्धत दक्षिणभर पसरली. आजही याहून चांगली पद्धत मला दिसलेली नाही.

तेव्हा विचारा: ‘या भागात काय बदलायला हवं?’ मग गप्प बसा. वीजबिल निघेल, पोराला पोलिसांनी अडवल्याची गोष्ट निघेल, शाळेची बस निघेल. तुमचं काम एवढंच, की त्या तक्रारीला एक पद जोडून द्यायचं. पोलीस आणि तुरुंगाचा प्रश्न असेल तर शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (सरकारी वकील). शाळेचा असेल तर स्कूल बोर्ड. रस्ता-गटाराचा असेल तर काउंटी कमिशन. विजेचे दर ठरवणारं पब्लिक सर्व्हिस कमिशनही जॉर्जियात निवडून येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, जेव्हा ना अध्यक्षपदाची ना सिनेटची निवडणूक होती, वीजबिलांवर रान उठलं आणि आयोगाच्या दोन जागांवर सत्तेतल्या पक्षाचे सदस्य पडले. जिंकलेल्यांपैकी अ‍ॅलिशिया जॉन्सन या कृष्णवर्णीय आहेत.

आता तो पाचवा माणूस, दिवा न लागलेला. त्याच्याशी वाद घालू नका, आणि ‘तुमच्यासाठी लोकांनी रक्त सांडलंय’ हे तर अजिबात नको; बाहेरून आलेल्याच्या तोंडी ते शोभत नाही. त्याचं म्हणणं बऱ्याचदा खरं असतं. दिव्याचं काम कुणाकडे आहे ते शोधा, त्या कार्यालयाचा फोन नंबर घेऊन पुढच्या आठवड्यात परत जा. मतदानाचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला तरी चालेल. म्हणूनच हे काम निवडणुकीच्या तीन आठवडे आधी सुरू करून होत नाही.

मिशिगनमध्ये २००६ साली एक प्रयोग झाला. ‘तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मत दिलं की नाही, ते आम्ही सगळ्यांना कळवू’ असं पत्र पाठवल्यावर मतदान सुमारे आठ टक्के-बिंदूंनी वाढलं. प्रचारतज्ज्ञांना हा प्रयोग फार आवडतो. माझं मत: या वस्त्यांत त्याच्या वाटेला जाऊ नका. नोंदणी केली म्हणून नोकरी गेल्याच्या आठवणी जिथे घराघरात आहेत, तिथे ‘आमचं तुमच्यावर लक्ष आहे’ अशी चिठ्ठी टाकून मिळवलेली मतं नकोत.

पायरी ७: ‘हो, जाईन’ पुरेसं नाही

२००८ च्या पेनसिल्व्हेनिया प्राथमिक निवडणुकीत डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स या संशोधकांनी मतदारांना फोन करून नुसतं ‘मत द्या’ न म्हणता तीन गोष्टी विचारल्या: किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल. ज्यांच्याशी हे बोलणं झालं त्यांचं मतदान सुमारे चार टक्के-बिंदूंनी वाढलं; घरात एकटाच मतदार असेल तिथे नऊच्या आसपास.

तेव्हा ऑक्टोबरात हेच करा. दिवस ठरवा. जॉर्जियात अर्ली व्होटिंग साधारण तीन आठवडे चालतं. दोन शनिवार सक्तीचे, रविवार काउंटीच्या मर्जीवर. आणि या काळात काउंटीतल्या कुठल्याही अर्ली केंद्रावर मत देता येतं. मतदानाच्या दिवशी मात्र फक्त नेमून दिलेल्या केंद्रावर. हा एकच मुद्दा लोकांच्या गळी उतरला तरी पुष्कळ. टपाली मतपत्रिका हवी असेल तर अर्ज निवडणुकीच्या ७८ ते ११ दिवस आधी पोचला पाहिजे, आणि भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत कार्यालयात हवी. टपालाचा शिक्का त्या तारखेचा असून भागत नाही. मग गाडी आहे का, कामावर सुट्टी मिळेल का, पोरांना कोण सांभाळेल. कागदावर लिहून घ्या आणि आदल्या संध्याकाळी फोन करा.

गाडीने न्यायचं ठरवलं तर तेही नीट. ऑक्टोबर २०१८ मध्ये जेफरसन काउंटीत ज्येष्ठ नागरिक ब्लॅक व्होटर्स मॅटरच्या बसमध्ये बसले असताना काउंटीच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांना उतरवण्यात आलं. वृद्धांच्या केंद्रातून लोकांना नेणार असाल तर केंद्राच्या व्यवस्थापकाशी आधी लेखी बोलून ठेवा.

पायरी ८: अफवा

२०१६ च्या रशियन ऑनलाइन कारवायांचा तपास करणाऱ्या सिनेट समितीने म्हटलंय, की त्यांनी आफ्रिकन अमेरिकनांइतकं दुसऱ्या कुठल्याच समूहाला लक्ष्य केलं नाही. २०२० मध्ये डेट्रॉइट आणि इतर शहरांत रेकॉर्ड केलेले फोन गेले: टपालाने मत दिलंत तर तुमची माहिती पोलिसांकडे आणि वसुलीवाल्यांकडे जाईल. ते करणाऱ्या दोघांनी पुढे ओहायोत गुन्हा कबूल केला. अशी अफवा कानावर आली तर तिचा स्क्रीनशॉट पुढे ढकलू नका, तीच पसरते. खरी माहिती पाद्रीबाबा किंवा न्हावी यांच्या तोंडून, काउंटीच्या कार्यालयाचा हवाला देऊन जाऊ द्या.

पायरी ९: मतदानाचा दिवस

केंद्रं सकाळी सात ते संध्याकाळी सात. सातला जो रांगेत आहे त्याला मत देता येतं, हे रांगेतल्या शेवटच्या माणसाला कळलं पाहिजे. २०२१ च्या जॉर्जिया कायद्याने रांगेतल्या मतदारांना पाणी, खाणं देण्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये न्यायालयाने तिचा एक भाग थांबवला, पण केंद्राच्या इमारतीपासून दीडशे फुटांची हद्द सोडून द्यायचीच. पाण्याच्या बाटल्या तिथल्या कर्मचाऱ्यांकडे द्या; कुणीही घेईल अशा जागी ते ठेवू शकतात.

कुणाला ‘तुमचं नाव यादीत नाही’ म्हणून परत पाठवलं तर तीन गोष्टी. दुसरं केंद्र असेल तर ते शोधा, कारण चुकीच्या केंद्रावर संध्याकाळी पाचच्या आधी दिलेलं तात्पुरतं मत (प्रोव्हिजनल बॅलट, पात्रता तपासून मगच मोजायचं मत) मोजलं जात नाही. नाव कुठेच सापडत नसेल तर प्रोव्हिजनल बॅलट मागा. केंद्रीय कायद्याने तो हक्क २००२ पासून आहे. आणि ८६६-६८७-८६८३ ला फोन लावा, तिथे वकील असतात. प्रोव्हिजनल मत देऊन माणूस घरी गेला की काम संपत नाही. ओळखपत्र किंवा कागद दाखवायला तीन दिवस मिळतात. त्याला कार्यालयात नेऊन आणायचं काम तुमचं.

पायरी १०: दुसऱ्या दिवसापासून

जॉर्जियात निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत तर चार आठवड्यांनी रनऑफ, म्हणजे निवडणुकीची दुसरी फेरी, होतो, थँक्सगिव्हिंगच्या धामधुमीत. टपाली मतपत्रिकेसाठी बहुतेकांना पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून फोनची यादी बुधवारी सकाळीच तयार हवी.

जानेवारीत काउंटीच्या निवडणूक मंडळाच्या बैठकांचं वेळापत्रक काढा. कंटाळवाण्या बैठका, पाच-सहा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. केंद्र कुठे हलवायचं, रविवारी अर्ली व्होटिंग ठेवायचं की नाही, कुणाच्या नावावर हरकत आली, हे सगळं तिथे ठरतं. ऑगस्ट २०१८ मध्ये रँडॉल्फ या बहुसंख्य कृष्णवर्णीय काउंटीत नऊपैकी सात मतदानकेंद्रं बंद करण्याचा प्रस्ताव आला. लोक बैठकांना गेले, बोलले, वर्तमानपत्रांना सांगितलं, आणि मंडळाने तो प्रस्ताव मिनिटभरात फेटाळला. तुमच्या काउंटीत गेलात की नागरिकांच्या बोलण्याच्या वेळेत तीन प्रश्न विचारा: या वर्षी कुठली केंद्रं बदलणार, मतदारांना ते कधी आणि कसं कळवणार, रविवारच्या मतदानाचं काय? उत्तरं लिहून घ्या, आणि ज्या चर्चसोबत, ज्या शाखेसोबत काम करता त्यांना त्याच रात्री पाठवा.